दारापुरतं नातं

जगातल्या काही अतिशय महाग गाड्या अशा आहेत, की त्या बनवणाऱ्या कारखान्यांना त्या विकण्यात काडीचाही रस नव्हता. त्यांना शर्यत जिंकायची होती. गिऱ्हाईक ही मधली अडचण.

प्रकार असा होता. रॅली, म्हणजे ट्रकमध्ये उभं राहून घोषणा देत जायची ती नव्हे, तर डोंगरातल्या, जंगलातल्या, बर्फातल्या रस्त्यांवर एकेका गाडीने घड्याळाशी झुंजायची ती. या खेळाचा पहिल्यापासून एक आग्रह होता. जी गाडी शर्यतीत उतरवाल, ती दुकानातही विकायला हवी. 1982 साली ‘ग्रुप बी’ नावाचा वर्ग आला आणि त्यात आकडा ठरला दोनशेचा. बारा महिन्यांत दोनशे गाड्या बनवून दाखवा, मग पुढे तुमचं तुम्ही बघा. नियम करणाऱ्यांचा अंदाज असा, की दोनशे गिऱ्हाइकांच्या गळ्यात मारायच्या म्हटल्यावर कारखाना शहाण्यासारखाच वागेल. कारखान्यांनी हिशेब उलटा मांडला. राक्षसच बनवू, दोनशेच बनवू.

त्यातून प्यूजोची 205 टर्बो 16 निघाली. लांबून बघाल तर फ्रान्समधल्या मास्तरीणबाई बाजारहाटाला नेतात तीच चिमुकली 205. जवळ जाऊन बघाल तर मागच्या सीटच्या जागी इंजिन बसलेलं, चारही चाकांना ताकद, आणि बाजारातून आणलेली पिशवी ठेवायची कुठे हा प्रश्न अनुत्तरित. आउडीने आपली क्वाट्रो मधोमध 32 सेंटिमीटरांनी आखूड केली. वळणावर चटकन फिरावी म्हणून. मागे बसणाऱ्याच्या गुडघ्यांचा विचार त्या बैठकीत झालेला दिसत नाही. फोर्डने आरएस 200 काढली, तिच्या नावातच दोनशेचा आकडा. लान्शियाच्या 037 आणि डेल्टा एस 4 या दोघींबद्दल तर बोलायलाच नको. त्या मोटारी नव्हत्या, कागदावर मोटार म्हणून नोंदवलेली दोन भांडणं होती.

आता दोनशे खरोखर बनवल्या की नाही, हे बघायला तपासनीस यायचे. लान्शियाच्या 037 ची एक गोष्ट दर्दी मंडळी फार चवीने सांगतात. खरीखोटी देव जाणे. तपासनिसांना म्हणे एका आवारात निम्म्या गाड्या दाखवल्या. मोजून झाल्या. उरलेल्या पलीकडच्या आवारात आहेत, पण आधी चार घास खाऊन घेऊ, असा आग्रह झाला. इटलीतलं जेवण, ते काही पाचदहा मिनिटांत उरकत नाही. तेवढ्यात त्याच गाड्या पलीकडच्या आवारात जाऊन उभ्या राहिल्या आणि तपासनिसांनी त्या पुन्हा, तृप्त मनाने, मोजल्या. मराठी माणसाला ही गोष्ट समजावून सांगावी लागत नाही. 2011 च्या ऑक्टोबरात, 3 ते 5 तारखांना, आपल्या राज्यात शाळांची पटपडताळणी झाली होती. या शाळेतलं पोर त्या शाळेत जाऊन पुन्हा हजेरी देऊ नये म्हणून सरकारने पोरांच्या बोटांना शाई लावली होती. लान्शियाच्या बोनेटांना शाई लावायचं तिथे कुणाला सुचलं असतं, तर मोटारींचा इतिहास थोडा निराळा झाला असता.

बरं, एवढं करून त्या गाड्या हातोहात खपल्या का? मुळीच नाही. ब्रिटनमधल्या मेट्रो 6 आर 4 ला गिऱ्हाईक मिळेना, शेवटी किंमत खाली आणून त्या खपवाव्या लागल्या. आणि तोवर खेळच अंगाशी आला होता. 1986 च्या मार्चमध्ये पोर्तुगालात एक गाडी रस्त्याकडेच्या प्रेक्षकांत घुसली, माणसं गेली. मे महिन्यात कोर्सिका बेटावर हेन्री टोइवोनेन आणि त्याचा सहचालक सेर्जो क्रेस्तो यांची डेल्टा एस 4 रस्ता सोडून खाली कोसळली आणि पेटली. दोघेही वाचले नाहीत. त्या वर्षाबरोबर ग्रुप बी संपला. पुढचे नियम जरा माणसातले होते. ग्रुप ए मध्ये पाच हजार गाड्या बनवायच्या, पुढे तो आकडा अडीच हजारांवर आला. त्या अडीच हजारांच्या नियमातून मित्सुबिशीची लॅन्सर इव्होल्यूशन जन्माला आली, 1992 साली. सुबारूची इम्प्रेझा तिची सवत.

आणि आता गंमत बघा. तेव्हा कुणाला नको असलेल्या त्या दोनशे-दोनशे गाड्या आज लिलावात आल्या की माणसं हात खाली घेत नाहीत. 1998 साली सुबारूने आपल्या विजयांच्या आनंदात इम्प्रेझा 22बी काढली, जपानसाठी फक्त चारशे. (555 हा त्यांच्या सिगारेटवाल्या प्रायोजकाचा आकडा, तो सोळाच्या पायावर लिहिला तर 22बी होतो. चाहते हे ज्या चेहऱ्याने सांगतात, त्या चेहऱ्याने आमच्याकडे लोक कुंडलीतला गजकेसरी योग सांगतात.) या 22बी चा एक आरंभीचा नमुना कॉलिन मॅक्रेकडे होता. 1995 चा जगज्जेता. ती गाडी 2023 साली ब्रिटनमध्ये 4,80,500 पौंडांना गेली. म्हणजे आपले जवळजवळ पाच कोटी. कळव्यातल्या माणसाला पाच कोटी म्हटलं की डोळ्यांसमोर गाडी येत नाही, फ्लॅट येतात. मग त्या फ्लॅटांना पार्किंग आहे का, हा विचार येतो.

हे सगळं मला ठाऊक असायचं वास्तविक काही कारण नाही. मी गाडी चालवत नाही. कळव्याला कारशेड आहे खरी, पण ती लोकलची. माझा काय तो मोटारस्पोर्ट तिथून निघून फलाटाला लागणाऱ्या गाडीत शिरण्यापुरता. परंतु आमच्या इमारतीत लॅन्सरवाले काका राहतात. खरं आडनाव लेटरबॉक्सवर आहे, पण पोस्टमनही विचारतो ते ‘लॅन्सरवाले कुठे राहतात’ असंच. ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या एका कारखान्यात ते टूलरूमला होते. आयुष्यभर मायक्रोमीटर हातात धरल्यामुळे त्यांना जगात कुठलीच गोष्ट ‘साधारण’ अशी दिसत नाही. चहात साखर साधारण एक चमचा घाला म्हटलं, तरी ‘म्हणजे किती?’ असं विचारतात.

त्यांची लॅन्सर 1999 ची. चंदेरी, एमएच-04, वर राखाडी कव्हर, कव्हरवर सोसायटीच्या बदामाची पानं. हिंदुस्थान मोटर्सने ही गाडी 1998 साली चेन्नईजवळ तिरुवल्लूरला बनवायला घेतली. त्या काळात लॅन्सरमधून उतरणारा माणूस बिल्डर तरी असायचा, नाहीतर नट तरी. काकांनी ती घेतली तेव्हा ती बिल्डरच्या हातून डॉक्टरकडे, डॉक्टरकडून एका क्लासवाल्या सरांकडे अशी उतरत उतरत त्यांच्या खिशाच्या पातळीला आली होती.

“ही बॉडी बघा,” काका मला पहिल्यांदा म्हणाले होते, कव्हरचा कोपरा उचलून, नवरीचा पदर सारखा करावा तशा हळुवारपणे. “टॉमी मॅकिनेन. शहाण्णव, सत्त्याण्णव, अठ्ठ्याण्णव, नव्याण्णव. चार वर्षं लागोपाठ जगज्जेता. कशात? हिच्यात.”

“हिच्यात?”

“म्हणजे हिच्या पिढीत. इव्होल्यूशनला टर्बो होता, चारही चाकं ओढायची, पुढे तोंडाला ही एवढी जाळी. आपल्याला दीड लिटरचं साधं इंजिन. पण सांगाडा एकच हो. रक्त तेच.”

यात काका फारसं खोटं बोलत नव्हते. शहाण्णवची इव्होल्यूशन तेवढी आधीच्या पिढीवरची. मॅकिनेनच्या पुढच्या तीन वर्षांतल्या इव्होल्यूशन ज्या लॅन्सरवरून घडवल्या, ती पिढी हीच. फरक एवढाच, की त्याची फिनलंडच्या जंगलात हवेतून जायची आणि काकांची खारेगावच्या गतिरोधकावर पोट घासते.

नातं लावण्यात आपण मंडळी मुळातच वाकबगार. लग्नात पंगतीला शेजारी बसलेला माणूस तिसऱ्या भातापर्यंत आत्याच्या जावेचा भाऊ निघतो. काकांनी ही विद्या मोटारींना लावली आहे. त्यांच्या मते ठाणे जिल्हा हा रॅलीच्या राजघराण्याचा सोयरा आहे आणि पुरावा म्हणून ते डोंबिवलीकडे बोट दाखवतात.

डोंबिवलीत कल्याण-शीळ रस्त्यावर प्रीमियरचा कारखाना होता. वालचंद हिराचंद यांनी 1944 साली काढलेल्या कंपनीचं मुख्य बिऱ्हाड कुर्ल्याला, पद्मिनी तिथली. पण नव्वदीच्या दशकात प्रीमियरने प्यूजोशी भागीदारी केली आणि 309 ही गाडी या आपल्या कल्याण-डोंबिवलीच्या अंगणात तयार होऊ लागली. पद्मिनीची दारं आपटून कंटाळलेल्या मध्यमवर्गाला ती साक्षात परदेश वाटली. भागीदारी काही वर्षांतच मोडली, गाडी बंद पडली, कारखानाही गेला. आज त्या बाजूला टॉवर आहेत, आणि प्रीमियरचं नाव उरलंय ते मैदानाला. तिथे अधूनमधून रॅली होते, ती मात्र घोषणांची.

आता ही 309 रॅलीच्या घराण्यातली कशी? तर 309 चा खालचा सांगाडा 205 वरून घेतलेला होता. आणि दारं तर सरळ 205 चीच. म्हणजे जी 205 टर्बो 16 ही राक्षसीण 1985 आणि 1986 अशी दोन वर्षं जगज्जेती होती, तिच्या मवाळ, घरगुती बहिणीची दारं डोंबिवलीच्या 309 ला बसवलेली होती. एवढंच नातं. दारापुरतं. पण काकांना तेवढं पुरतं. मानपाड्याच्या कुठल्याशा फिटरने तेव्हा शिफ्टमध्ये जे दार बसवलं, त्याची जात टर्बो 16 पळवणाऱ्या टिमो सालोनेनच्या दाराची, हे सांगताना त्यांचा आवाज किंचित घोगरा होतो.

मला विचाराल तर या वेडाचा गाभा मला इथेच सापडतो. टर्बो 16 दुर्मीळ आहे, कारण ती मोजून दोनशे बनवली. ती जन्मल्या दिवशीच दुर्मीळ होती, दाखल्यासकट. डोंबिवलीची 309 दुर्मीळ व्हावी असं कुणाच्या मनात नव्हतं. उलट ती घरोघर जावी अशी योजना होती. ती दुर्मीळ झाली ती सुटे भाग मिळेनात म्हणून, कुणी गॅरेजमध्ये सोडून दिली म्हणून, कुणाच्या मुलाला सॅन्ट्रो हवी होती म्हणून. पहिल्या प्रकारच्या दुर्मीळपणाला लिलावात पाच कोटी मिळतात. दुसऱ्याला भंगारवाला किलोवर भाव देतो. आणि तरी मला वाटतं, कठीण काम दुसऱ्याचंच आहे. दोनशेतली एक सांभाळायला फक्त पैसे लागतात. सगळ्यांनी टाकून दिलेली सांभाळायला स्वभाव लागतो.

काकांनी 309 शोधायचा ध्यास घेतला, तेव्हा मी त्यांच्याबरोबर कुर्ल्याच्या सीएसटी रोडला गेलो होतो. तिथे गाड्यांची दारं, डॅशबोर्ड, रेडिएटर, आरसे रांगेने टांगलेले असतात. काका प्रत्येक दुकानात शिरत आणि दबक्या आवाजात चौकशी करत. शेवटी एका तरुण दुकानदाराने त्यांच्याकडे सहानुभूतीने पाहिलं.

“तीन सौ नौ? प्यूजो? चाचा, वो तो अब्बा के टाइम में कटती थी. लॅन्सर की हेडलाइट है, ओरिजिनल. ले जाओ.”

काकांनी ती घेतली. त्यांच्या लॅन्सरच्या दोन्ही हेडलाइट शाबूत होत्या, तरी घेतली. बाल्कनीत आधीच दोन बंपर, एक स्टीअरिंग आणि कागदात गुंडाळलेली मागची काच आहे. काकू म्हणतात, “अजून एक दोन वर्षांत वरच्या वर दुसरी गाडी होईल. लिफ्टने खाली आणायची तेवढी.”

जातिवंत रॅलीनेही या भागाला तोंड दाखवलेलं आहे, हे काकांचं आणखी एक अभिमानस्थान. 1968 साली लंडन ते सिडनी अशी मोटारींची मॅरेथॉन झाली. 24 नोव्हेंबरला लंडनच्या क्रिस्टल पॅलेसहून 98 गाड्या निघाल्या. युरोप, तुर्कस्तान, इराण, अफगाणिस्तान, खैबर खिंड, दिल्ली, आणि तिथून इंदूरमार्गे मुंबई. मुंबईपर्यंत पोचलेल्या 72 गाड्या ‘चुसान’ नावाच्या बोटीत घालून ऑस्ट्रेलियाला नेल्या. आता इंदूरहून आग्रा रोडने मुंबईला यायचं तर ठाणं टळत नाही. काका तेव्हा दहा वर्षांचे, राहायला ठाण्यातच. वडिलांनी खांद्यावर बसवून त्या गाड्या दाखवल्या, असं ते सांगतात.

“दहा वर्षांच्या मुलाला कुणी खांद्यावर घेतं का हो?” काकू आतून विचारतात.

“गर्दी होती,” काका म्हणतात.

ती शर्यत कुणी जिंकली हे मात्र काका जरा घाईने उरकतात, कारण ते त्यांच्या सोयीचं नाही. सगळ्यांत पुढे असलेली सित्रोएं सिडनी हाकेच्या अंतरावर आलेलं असताना समोरून आलेल्या एका मिनीवर आदळली. असं काही आमच्या कळवा नाक्यावर झालं असतं, तर मिनीवाल्याने वर नुकसानभरपाई मागितली असती. मग जिंकली अँड्र्यू कोवनची हिलमन हंटर. हंटर म्हणजे कोण? विलायतेतल्या मध्यम पगाराच्या गृहस्थाची चौकोनी, चार दारांची, कुटुंबवत्सल गाडी. पुढे हीच गाडी इराणमध्ये ‘पायकान’ नावाने बनत राहिली आणि तेहरानच्या गल्ल्यांत टॅक्सी म्हणून झिजली. जग ओलांडून पहिली आलेली गाडी शेवटी टॅक्सी झाली, यात काकांना शोकांतिका दिसते. मला तर ती हंटरची थोरवी वाटते. पण हे मी काकांना बोलून दाखवलेलं नाही.

1980 साली मुंबईच्या नझीर हुसेन यांनी हिमालयन रॅली सुरू केली. पहिली रॅली मुंबईहूनच सुटली, आणि परदेशातले नामवंत रॅलीवाले आपल्या घाटरस्त्यांवर धूळ उडवून गेले. नंतरच्या काळात भारतातल्या रॅल्यांचं ओझं वाहिलं ते मारुती जिप्सीने. 1985 साली आलेली ही गाडी पोलिसांनी वापरली, लष्कराने वापरली, जंगलखात्याने वापरली आणि उरलेल्या वेळात तिने शर्यती मारल्या. जिप्सी बंद झाल्यापासून तिच्या मालकांना कंठ फुटला आहे. काकांना जिप्सीवाले आवडत नाहीत. “त्यांच्या गाडीला नातं सांगावं लागत नाही,” ते एकदा कुरकुरले. हे म्हणजे ज्याच्या घरी खरोखरच थोर पुरुष होऊन गेला, त्याच्यावर रुसण्यासारखं झालं.

वास्तविक रॅलीसाठी हिमालयापर्यंत जायची गरजच काय, हा माझा जुना प्रश्न आहे. पावसाळ्यात विटाव्याच्या रेल्वेपुलाखालून जाऊन बघा. पाणी किती आहे याचा अंदाज पुढे गेलेल्या रिक्षाच्या कुठल्या भागापर्यंत ते आलंय यावरून घ्यायचा. नंतर मुंब्रा बायपास. तिथे रस्ता दुरुस्तीसाठी बंद आहे की दुरुस्त झाल्यामुळे बंद आहे, हे चालकाने स्वतः ताडायचं. एका अंगाला पारसिकचा डोंगर, दुसऱ्या अंगाला दरी, समोर जेएनपीटीकडे निघालेला कंटेनर. रॅलीत चालकाच्या शेजारी सहचालक बसून वहीतून पुढचं वळण वाचून दाखवत असतो: शंभर मीटरवर डावं, तीव्र, मग चढ, मग उजवं. आमच्याकडे ही वही काकूंना तोंडपाठ आहे. “पुढे खड्डा. डावीकडून रिक्षा. मंडपाचा बांबू. आता ती बाई मध्येच थांबणार... थांबली. जा. जा म्हणते ना!” मॅकिनेनचा सहचालकसुद्धा ती बाई थांबणार हे आधी सांगू शकला नसता.

परंतु लॅन्सर बाहेर निघते तरी कितीदा? काका रविवारी इंजिन चालू करतात, दहा मिनिटं तसंच चालू ठेवतात, बोनेटवर तळहात ठेवून ऐकतात, बंद करतात. परदेशातले संग्राहकही पुष्कळसे असंच करतात म्हणे, वातानुकूलित गोदामात. किलोमीटर वाढले की किंमत उतरते. चिखलातून दोनशेच्या वेगाने जाण्यासाठी घडवलेली गाडी चिखल लागू नये म्हणून काचेच्या पेटीत ठेवायची. मला हा प्रकार मंजूर नाही. पण काकांच्या बाबतीत कारण निराळं आहे. गाडी बाहेर काढली तर परत येईपर्यंत जागेवर कुणाची तरी ॲक्टिवा असते.

किंमत ठरवायचीही एक विद्या आहे. जगभरचे जाणकार आधी नंबर बघतात. चेसिसचा आणि इंजिनाचा नंबर कारखान्याच्या वहीतल्या नोंदीशी जुळला पाहिजे. मग कागद: पहिली पावती, सर्व्हिसच्या नोंदी, कोण कोण मालक. मग मूळ रंग, मूळ काचा, मूळ सीटचं कापड. झिजलेलं असलं तरी चालेल, पण मूळचं हवं. याबाबतीत काका जगातल्या कुठल्याही जाणकारापेक्षा कमी नाहीत. त्यांच्याकडे चेसिस नंबरवर कागद धरून पेन्सिल घासून काढलेले ठसे आहेत, एक नव्हे, आरटीओसाठी आणि विम्यासाठी जेव्हा जेव्हा काढले तेव्हाचे सगळे, तारखांसकट. डॉक्टरांच्या काळातली पेट्रोलची बिलं आहेत. जुन्या गाड्यांना सक्तीच्या नव्या नंबरप्लेटा आल्या, तेव्हा आधीची हाताने रंगवलेली प्लेट त्यांनी काढून घेतली. ती आता देवघराच्या खालच्या खणात असते.

एवढी तयारी असूनही लॅन्सरची किंमत नेमकी किती, यावर आमच्याकडे एकमत नाही. विमा कंपनीच्या माणसाने जो आकडा सांगितला, तो ऐकून काका दोन दिवस जेवले नाहीत. भंगारवाल्याने गाडीकडे न बघता गाडीखालच्या फरशीकडे बघितलं; तेल गळत नाही म्हणजे इंजिन चांगलं, आणखी हजार देतो म्हणाला. वार्षिक सर्वसाधारण सभेत तर एका तरुण सभासदाने गाडीचा उल्लेख इतिवृत्तात ‘बंद अवस्थेतील वाहन’ असा करा, अशी सूचना मांडली. काका उठून उभे राहिले. टॉमी मॅकिनेन, 1996 ते 1999, ग्रुप ए, अडीच हजार गाड्यांचा नियम, तिरुवल्लूर. पंधरा मिनिटं सभागृह, म्हणजे वॉचमनच्या खोलीबाहेरच्या प्लॅस्टिकच्या खुर्च्या, स्तब्ध होतं. शेवटी चेअरमन म्हणाले, “काका, सगळं मान्य. पण विषय पाण्याच्या टाकीचा चालू होता.” ‘बंद अवस्थेतील’ हे शब्द मात्र वगळले गेले. लॅन्सरच्या चढत्या मूल्याची आजवरची एकमेव अधिकृत नोंद ही.

यातली खरी अडचण वयाची आहे. खाजगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची. त्यानंतर दर पाच वर्षांनी गाडी आरटीओत नेऊन दाखवायची, पर्यावरण कर भरायचा, आणि ती अजून जगते आहे असा दाखला घ्यायचा, पेन्शनर नोव्हेंबरात देतात तसा. आणि व्हिंटेज केव्हा म्हणायचं? 2021 साली केंद्र सरकारने त्याचे नियम केले. गाडी पन्नास वर्षांहून जुनी हवी. मग तिला नंबरात ‘व्हीए’ ही खास अक्षरं मिळतात. नोंदणीचे वीस हजार रुपये, ती दहा वर्षं चालते, नूतनीकरणाला पाच हजार. म्हणजे पंधरा ते पन्नास ही मधली पस्तीस वर्षं गाडीला कुणी नाही. ती नवी नाही, जुनी नाही, नुसतीच वयस्क. साठ ते पंचाहत्तरमधल्या माणसांना ही अवस्था समजावून सांगावी लागत नाही, म्हणून की काय, काकांनी हा नियम वाचून दाखवला तेव्हा गच्चीवरची ज्येष्ठ मंडळी बराच वेळ गप्प होती.

काकांनी मात्र हिशेब मांडला. 1999 अधिक पन्नास, 2049. चौदा साली, एकोणीस साली आणि चोवीस साली पासिंग झालेलं आहे. आता एकोणतीस, चौतीस, एकोणचाळीस आणि चव्वेचाळीस. चारच वेळा. ते घरात कॅलेंडरामागे पेन्सिलीने लिहून ठेवलं आहे, आणि त्या संध्याकाळी मी चहाला गेलो असताना ते मला दाखवत होते.

“चार वेळा आरटीओ, की झाली व्हिंटेज,” काका म्हणाले.

“तेव्हा तुम्ही नव्वदी ओलांडलेली असेल,” काकू कप ठेवत म्हणाल्या.

“अगं, पण किंमत बघ ना काय होईल. त्या मानाने वीस हजार म्हणजे काहीच नाही.”

“आणि व्हिंटेज झाली म्हणजे मग रोज चालवता येते का?”

काकांनी चष्मा लावून नियम पुन्हा काढला. “तसं नाही. रोजच्या वापरासाठी रस्त्यावर आणायची नाही. प्रदर्शनाला नेता येते, व्हिंटेज गाड्यांच्या रॅलीला नेता येते. पेट्रोल भरायला, दुरुस्तीला.”

“एरवी?”

“एरवी उभी ठेवायची.”

“म्हणजे आत्ता आहे तशीच,” काकू म्हणाल्या. “मग त्याचे वीस हजार कशाला भरायचे?”